झिजलेल्या प्रूफ नाण्याची पारख

वाशीम, कारंजा, रिसोड अथवा मंगरूळपीर येथील जुन्या घरांतून लक्ष्मीपूजनाच्या रात्री ताम्हनात जी नाणी मांडली जातात, त्यांत एखाददुसरा चांदीचा रुपया बहुधा असतोच. पोहरादेवीच्या आसपासच्या तांड्यांतून तर अशा रुपयांना कडी लावून त्यांच्या माळा गळ्यात घालण्याची चाल बंजारा स्त्रियांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ही नाणी कोणी हौसेने, कोणी श्रद्धेने आणि कोणी अडीअडचणीची पुंजी म्हणून जपली. घरात आजारपण आले, मुलीचे लग्न ठरले किंवा पिकाने दगा दिला, म्हणजे ती पेटीतून बाहेर निघतात. आणि मग त्या गुळगुळीत झालेल्या चकत्यांचे खरे मोल काय, हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नास सामान्यतः दोन उत्तरे मिळतात आणि दोन्ही अपुरी असतात. सराफ नाणे तराजूत टाकतो, घट वजा करतो आणि चांदीचा भाव सांगून मोकळा होतो. दुसरीकडे, एका जुन्या नाण्याचे कित्येक लाख रुपये देऊ अशा जाहिराती लोकांच्या हाती येतात. आणि त्या आशेने पुढे झालेल्या माणसाकडूनच निरनिराळ्या आकारांच्या निमित्ताने पैसे उकळले जातात. रिझर्व्ह बँकेचे नाव सांगूनही हा धंदा चालू लागला, तेव्हा १९२१ नव्हे, अगदी अलीकडे २०२१ साली बँकेने स्वतः जाहीर इशारा दिला की, अशा व्यवहारांशी आपला काही संबंध नाही व त्यांसाठी आपण कोणाकडून कसलेही शुल्क घेत नाही. एकाने वस्तूचे मोल निम्मे करावे आणि दुसऱ्याने ते हजारपटीने फुगवावे, अशा पेचातून सुटण्यास नाणे स्वतः ओळखता येणे हाच एक मार्ग आहे.

त्यातही ‘प्रूफ’ या शब्दाने बराच घोटाळा माजविला आहे. पुष्कळांची समजूत अशी असते की, चकचकीत व नवे कोरे नाणे म्हणजे प्रूफ. वस्तुतः प्रूफ हे नाण्याच्या अवस्थेचे नाव नसून त्याच्या घडणीचे नाव आहे. ठसा नीट उठतो की नाही हे अजमावण्यासाठी पूर्वी टांकसाळीत काही नाणी विशेष काळजीने पाडून पाहात, त्यावरून हा शब्द आला. पुढे संग्राहकांसाठी आणि भेटीदाखल देण्यासाठी मुद्दाम अशी नाणी पाडण्याची प्रथा पडली. त्यांची कृती येणेप्रमाणे: ठसा आरशासारखा घासून घेतात, कोरी चकतीही निवडून, घासून-पुसून तयार करतात, आणि नेहमीपेक्षा अधिक दाबाखाली, बहुधा एकाहून अधिक वेळा, ती ठशात दाबतात. त्यामुळे नाण्याची सपाट भूमी आरशाप्रमाणे लकाकते, अक्षरांच्या कडा धारदार उठतात, आणि पुष्कळदा मुखवटा किंचित दुधी, हिम पडल्यासारखा दिसतो. बाजारात फिरणारे साधे नाणे मात्र यंत्रातून भराभर पडते आणि पिशवीत एकमेकांवर आपटतच टांकसाळीबाहेर येते.

जन्म एकदा झाला की तो बदलत नाही. सबब प्रूफ नाणे झिजले तरी ते प्रूफच राहते; फक्त ते बिघडलेले प्रूफ होते. परंतु ज्या गुणांमुळे त्यास जास्त किंमत येत होती, ते आरशासारखे तेज आणि ती धार, हेच गुण झिजेने प्रथम जातात. म्हणून झिजलेल्या प्रूफाची पारख करताना दोन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात. हे नाणे प्रूफ म्हणून पाडले होते हे आजही सिद्ध करता येते काय, हा पहिला. आणि येत असेल तर त्या सिद्धीस आज किती मोल उरले आहे, हा दुसरा.

याचे उत्तम उदाहरण महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली निघालेले दहा रुपयांचे चांदीचे नाणे होय. त्याचे वजन १५ ग्रॅम, व्यास ३४ मिलिमीटर आणि चांदीचा कस शेकडा ८० आहे. म्हणजे त्यात १२ ग्रॅम शुद्ध चांदी असते. त्यावर १९६९ हा आकडा शोधू गेल्यास सापडत नाही, कारण गांधीजींच्या मुखवट्याजवळ १८६९–१९४८ हे त्यांच्या जन्ममृत्यूचे सन घातलेले आहेत. ही नाणी फार मोठ्या संख्येने निघाली आणि लोकांनी ती खर्च न करता घरोघर ठेवून दिली. त्यांखेरीज मुंबईच्या टांकसाळीने संग्राहकांसाठी थोडी प्रूफ नाणीही पाडली. साध्या नाण्यावर सनाखाली मुंबईची खूण म्हणून लहान चौकट, म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराचा ठिपका असतो. कलकत्त्याच्या नाण्यावर काहीच खूण नसते. आणि प्रूफ नाण्यावर इंग्रजी ‘बी’ हे अक्षर असते.

ही खूण झिजलेल्या नाण्याच्या बाबतीत फार उपयोगी पडते. डबीतून काढून मुलाच्या हाती दिलेले, कडी लावून गळ्यात बांधलेले किंवा देव्हाऱ्यात ठेवून दरवर्षी घासलेले असे नाणे पन्नास वर्षांत आपले सारे तेज गमावून बसते. गांधीजींची मिशी, भुवई आणि कानाची पाळी सपाट होते. मागील बाजूच्या सिंहांची आयाळ पुसट होते. तरीही सनाखालचे अक्षर खोलगट जागी व कडेच्या आश्रयाला असल्यामुळे ते बहुधा टिकून राहते. साध्या भिंगाने ते दिसले, म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

जेथे अशी खूण नाही, तेथे नाण्याच्या पृष्ठभागाकडेच वळावे लागते. हात आणि कापड उंच भागांवरून फिरतात; खोल कोपऱ्यांत ते पोहोचत नाहीत. म्हणून अक्षरांच्या पोटात, आकड्यांच्या वळशांत आणि कडेच्या उंचवट्याला लागून मूळ आरशाचे लहानलहान तुकडे शिल्लक राहिले आहेत काय, हे दिव्याखाली नाणे तिरपे करून पाहावे. चिंच, राख किंवा बाजारातील पावडर लावून आणलेली चमक याच्या उलट असते. ती उंच भागांवर सर्वांत जास्त आणि कोपऱ्यांत सर्वांत कमी असते, व भिंगाखाली एकाच दिशेने गेलेले केसासारखे बारीक ओरखडे दाखविते. कोपऱ्यांत तेज आणि उंचीवर झीज दिसल्यास प्रूफाचा संभव मानावा. उंचीवर तेज आणि कोपऱ्यांत काळिमा दिसल्यास घरातील दिवाळीची साफसफाई समजावी.

अर्थात ही कसोटी संभव दाखविते, निर्णय देत नाही. नव्या ठशातून निघालेले पहिले काही साधे रुपयेही आरशासारखे दिसू शकतात. दुसरी जोड कडेची आहे. प्रूफाची कड चौकोनी, काटेकोर असते आणि बाजूच्या खाचा सर्वत्र सारख्या उठलेल्या असतात. नाणे फार झिजले असले तरी त्याची बाजू तोंडापेक्षा कमी झिजते. म्हणून जाणकार मनुष्य मुखवट्याइतकेच लक्ष या बाजूकडे देतो.

आता जुन्या रुपयाकडे वळावे, कारण वाशीमच्या पेट्यांत व माळांत अधिक आढळतो तो हाच. हा मुलूख वऱ्हाडाचा भाग असून १८५३ पर्यंत निजामाच्या कारभाराखाली होता. त्या वर्षी वऱ्हाडाचा कारभार कंपनी सरकारकडे आला. तत्पूर्वी येथे निरनिराळ्या टांकसाळींचे फार्सी अक्षरांचे रुपये चालत. कंपनीने आपल्या सर्व मुलखासाठी एकच रुपया १८३५ साली सुरू केला, आणि त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा ठेवले. आजच्या मापाने ते ११·६६ ग्रॅम भरते. बारा भागांत अकरा भाग चांदी व एक भाग हलकी धातू, असा त्याचा कस होता. म्हणजे शेकडा ९१·६७. विल्यम, व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांच्या नाण्यांत, तसेच सहाव्या जॉर्जच्या १९३९ पर्यंतच्या नाण्यांत हे प्रमाण कायम राहिले. महायुद्धाच्या काळात, १९४० पासून, चांदी निम्म्यावर आली आणि उरलेल्या भागात तांबे, निकेल व जस्त मिसळण्यात आले. १९४७ चा रुपया तर शुद्ध निकेलचा निघाला. त्यात चांदी मुळीच नाही.

हा फरक केवळ अभ्यासकांच्या कामाचा नाही. सहाव्या जॉर्जचा १९३९ पूर्वीचा रुपया आणि १९४० नंतरचा रुपया आकाराने व वजनाने जवळजवळ सारखे. परंतु पहिल्यात १०·६९ ग्रॅम चांदी आहे, तर दुसऱ्यात ५·८३ ग्रॅम. सन पुसला गेला असल्यास बाजू पाहावी. जुन्या रुपयाच्या बाजूवर सरळ दाते असतात. नव्याच्या दात्यांमधून, नकली नाण्यांस आळा बसावा म्हणून, मध्यभागी एक चर नेलेली असते.

चेहरा व सन यांच्या साहाय्याने बाकीची ओळख पटते. व्हिक्टोरियाच्या १८७६ पर्यंतच्या नाण्यांवर ‘क्वीन’ आणि १८७७ पासून ‘एम्प्रेस’ असे शब्द आहेत. अक्षरे अर्धी गेली असली तरी शब्दाच्या लांबीवरून तर्क करता येतो. सन १८६२ चा आकडा मात्र फसवा आहे. तो पुढे १८७४ पर्यंत तसाच ठेवण्यात आला, आणि खरे वर्ष दाखविण्यासाठी मुंबईत बारीक टिंबांची योजना झाली. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मागील बाजूस तळाशी असलेल्या कमळाखाली बारीक टिंब असल्यास तो मुंबईचा, नसल्यास कलकत्त्याचा. झिजलेल्या नाण्यावर हे टिंब गेले की मुळातच नव्हते, हे सांगणे अवघड असते. अशा वेळी शेजारचा तितक्याच उंचीचा एखादा तपशील शाबूत आहे की नाही, हे पाहून निर्णय करावा.

या रुपयांचीही प्रूफ नाणी निघत असत. शिवाय एक गुंतागुंत अशी की, कलकत्ता व मुंबई येथील टांकसाळींनी जुने ठसे जपून ठेवले होते आणि विसाव्या शतकात बराच काळ, संग्राहकांच्या मागणीवरून, त्याच ठशांनी जुन्या सनाची नाणी पुन्हा पाडून दिली. हे पुनर्मुद्रित नाणे खोटे नव्हे, कारण ते सरकारी टांकसाळीचेच आहे. परंतु त्यावरील सन त्याच्या जन्माचा नसतो. जुन्या ठशाला गंजाने पडलेले खळगे अशा नाण्यावर बारीक पुळ्यांसारखे उठून दिसतात, आणि त्यावरून पुष्कळदा उलगडा होतो.

ओळख पटल्यावर वजन करावे. पूर्वीच्या सराफांस यासाठी आकडेमोड करावी लागत नसे. रुपया म्हणजेच तोळा, तोळ्याचे मासे बारा आणि माशाच्या गुंजा आठ. रुपया किती गुंजा उतरला, एवढे पाहिले की झीज कळली. १९०६ च्या नाणेविषयक कायद्याने तर शेकडा दोनपेक्षा अधिक झिजलेला रुपया घेण्याची सक्ती कोणावर ठेवली नव्हती. ही मर्यादा जवळजवळ दोन गुंजांची होते. घरातील रुपया तीन गुंजा झिजून ११·३० ग्रॅम भरला, असे समजू. त्यातील शुद्ध चांदी १०·३६ ग्रॅम. हिशेबाच्या सोयीसाठी चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरल्यास त्याची धातूची किंमत १,०३६ रुपये झाली. त्याच भावाने १९४० नंतरच्या न झिजलेल्या रुपयाची किंमत ५८३, आणि १४·८ ग्रॅम भरणाऱ्या गांधी नाण्याची १,१८४ रुपये. चालू भाव वर्तमानपत्रात पाहून हा हिशेब कोणासही घरी बसून करता येईल. आणि विक्रीस जाण्यापूर्वी तो केलेलाच असावा.

नाणे चांदीचेच आहे काय, याची खात्री त्यास न ओरखडता करता येते. रुपया बारीक दोऱ्याने टांगून सूक्ष्म तराजूवर प्रथम हवेत व नंतर पाण्यात बुडवून तोलावा. पहिल्या वजनास दोन्ही वजनांतील फरकाने भागले म्हणजे त्याची घनता निघते. अकरा-बारांश कसाच्या चांदीची घनता १०·३ च्या आसपास असते. निम्म्या चांदीच्या रुपयाची ९·५ च्या आसपास. आणि जर्मन सिल्व्हरची नऊच्याही खाली. कडी लावलेल्या नाण्यास मात्र ही कसोटी तंतोतंत लागू पडत नाही, कारण कडीच्या बुडाशी दिलेला डाख वेगळ्या धातूचा असतो. अशी कडी काढून टाकण्याचा मोहही आवरावा. उष्णतेने नाण्याचा पृष्ठभाग कायमचा बिघडतो आणि डाग राहतो तो राहतोच.

धातूच्या किमतीवर जी भर पडते, ती दुर्मिळतेची आणि अवस्थेची. दुर्मिळता वयावर अवलंबून नसते. व्हिक्टोरियाचे पुष्कळसे रुपये सव्वाशे वर्षांहून जुने असूनही कोट्यवधींच्या संख्येने पाडले गेल्यामुळे, झिजलेल्या स्थितीत, चांदीच्या भावाहून फारसे पुढे जात नाहीत. उलट पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया पाहावा. राजाच्या पोशाखावरील साखळीत कोरलेला हत्ती लोकांस डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि बहुतेक रुपये परत वितळवून १९१२ साली हत्ती नव्याने कोरण्यात आला. म्हणून १९११ चा सन वाचता येत असेल, तर झिजलेल्या रुपयासही जास्त दाम मिळतो. १९३९ चा रुपया याहूनही विरळा. आणि तेवढ्याचमुळे त्याच्या नकला, अथवा १९३८ च्या रुपयावर आकडा फेरून केलेली नाणी, बाजारात येतात. असा सन दिसताच आनंदाआधी संशय यावा.

बिघडलेल्या प्रूफाचे स्थान या दोहोंच्या मध्ये आहे. ज्या नाण्याची साधी प्रतही विपुल आहे, जसे गांधी नाणे, तेथे झिजलेल्या प्रूफास चांदीच्या किमतीवर थोडीशीच भर मिळते. कारण संग्राहकास हवे असते ते अस्पर्श तेज, आणि ते गेलेले असते. डबीतील निर्दोष प्रूफाची किंमत ऐकून घासलेल्या प्रूफाची तेवढी अपेक्षा धरणे व्यर्थ होय. परंतु ज्या सनाची वा ज्या घाटाची नाणी प्रूफ म्हणूनच निघाली आणि व्यवहारासाठी पाडलीच गेली नाहीत, तेथे झिजलेले नाणेही आपले मोल राखून असते, कारण त्याऐवजी दुसरे मिळत नाही. यावरून तत्त्व एवढेच निघते की, तेज गेल्यावर नाण्याची किंमत त्याच्यावर जे वाचता येते त्यात उरते.

हे तत्त्व वाशीम जिल्ह्याने फार मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा या गावी १९३९ साली जमिनीत दीड हजाराच्या आसपास नाणी सापडली. तो भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. वाशीम हा वेगळा जिल्हा १९९८ साली झाला. ही नाणी चांदीची नव्हती. तांब्याच्या हलक्या मिश्रधातूची ती सातवाहन राजांची नाणी होती. एका बाजूस सोंड उचललेला हत्ती, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह, आणि कडेने राजाचे नाव. लहान चकतीवर ते नाव एकाही नाण्यावर पुरते उमटलेले मिळणे कठीण. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती तपासून १९४० साली प्रसिद्ध केली. एका नाण्यावरील दोन अक्षरे, दुसऱ्यावरील तीन, असे तुकडे जुळवून नावे सिद्ध होत गेली, आणि पुराणांच्या याद्यांत नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी यांसारखे राजे इतिहासास लाभले. मोडीच्या भावाने पाहिले असते, तर त्या साऱ्या ढिगाचे मोल एखाद्या भांड्याइतकेही झाले नसते. आणि उजळण्यासाठी कोणी ती घासली असती, तर ते राजे पुन्हा नाहीसे झाले असते.

जमिनीत सापडलेल्या अशा ठेव्याविषयी १८७८ चा कायदा स्पष्ट आहे: दहा रुपयांहून अधिक किमतीचे निधान सापडल्यास त्याची वर्दी कलेक्टरास द्यावी लागते. घरात वारसाने आलेल्या रुपयास हा नियम लागू नाही. मात्र शंभर वर्षांहून जुने नाणे परवान्याशिवाय देशाबाहेर पाठविता येत नाही, हे विकणाऱ्याने लक्षात ठेवावे.

एवंच, पेटीतील नाणे हाती आले म्हणजे प्रथम ते घासू नये. मळ असल्यास स्वच्छ पाण्यात बुडवून मऊ कापडावर नुसते टिपून घ्यावे. नंतर सन, चेहरा, खूण आणि बाजू पाहून ती कागदावर लिहावी, वजन करावे, धातूची किंमत काढावी. प्रूफाचा किंवा विरळ सनाचा संभव दिसल्यास दोन निरनिराळ्या जाणकारांस नाणे दाखवावे, आणि विकण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्यास दारातूनच निरोप द्यावा. कोणाकडून आले, कोणत्या लग्नात मिळाले, मुंबईच्या टांकसाळीच्या डबीतून निघाले काय, ही घरातील वडील माणसांस असलेली माहितीही त्याच कागदावर टिपून तो कागद नाण्याबरोबर ठेवावा. नाण्यावरची अक्षरे पुसट होत जातात, माणसांच्या आठवणी त्याहून लवकर. आणि अडचणीच्या दिवशी योग्य दाम पदरात पडण्यास या दोन्हींचा आधार लागतो.